पडद्यावरची विद्या आणि आमचे भावी डॉक्टर

घरातील पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी एम.बी.बी.एस.ला लागली, की त्या घरात आणि त्या वस्तीत जो आनंद होतो, त्याचे मोल वस्तीबाहेरच्या माणसाला समजावयाचे नाही. आईबापांना वाटते, आपली जबाबदारी आता संपली. प्रवेशाचा कागद हाती आला, वसतिगृहात खाट मिळाली. पाचसहा वर्षांत मूल डॉक्टर होऊन परत येईल. परंतु बंधुभगिनींनो, प्रवेश हा लढ्याचा शेवट नाही. महाविद्यालयाच्या दारातून आत गेल्यावर आणखी एक दार लागते. त्या दारावर कोणाची जात लिहिलेली नसते, म्हणून ते सर्वांना सारखेच उघडे आहे असा भास होतो. ते दार संगणकाचे आहे. त्याविषयी दोन असत्ये आज राजरोसपणे सांगितली जातात आणि आपल्यातील पुष्कळांनी ती खरी मानली आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिले असत्य असे की, आजची मुले मोबाईल हातात घेऊनच वाढली आहेत, तेव्हा त्यांना संगणक निराळा शिकविण्याची गरज नाही. दुसरे असत्य असे की, ज्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षण नकोसे वाटते ते आळशी आहेत किंवा त्यांची कुवतच कमी आहे. पहिल्या असत्याने शिकविणाऱ्याची जबाबदारी उडवून लावली जाते. दुसऱ्याने, न शिकविल्याचा दोष शिकणाऱ्याच्या माथी मारला जातो. ही रीत आपल्या समाजाला नवीन नाही. शाळेबाहेर बसवावयाचे आणि मग ‘यांना अक्षर येत नाही’ म्हणून हिणवावयाचे, हाच तो जुना न्याय आहे. फक्त पाटीची जागा पडद्याने घेतली आहे.

मोबाईल म्हणजे संगणक नव्हे

‘डिजिटल नेटिव्ह’ म्हणजे संगणकाच्या जगात जन्मलेली पिढी, ही कल्पना अमेरिकेतील मार्क प्रेन्स्की यांनी २००१ साली मांडली. ती इतकी सोयीची होती की, जगभरच्या शिक्षणसंस्थांनी ती उचलून धरली. २००८ साली ऑस्ट्रेलियातील तीन संशोधकांनी पुरावे तपासून दाखवून दिले की, एका वयाची सर्व मुले सारखीच तंत्रकुशल असतात या समजुतीला भक्कम आधार नाही. कौशल्य हे जन्मसालावर अवलंबून नसते. घरात साधन होते की नाही, कोणी शिकविले की नाही आणि सराव मिळाला की नाही, यांवर ते अवलंबून असते. जन्मावरून योग्यता ठरविण्याची खोड ज्या देशात हजारो वर्षांची आहे, त्या देशात तरी या कल्पनेकडे संशयाने पाहावयास हवे होते.

मोबाईलवर चित्रपट पाहणे, निरोप पाठविणे, पैसे देणे हे आमच्या मुलांना येते, हे खरे. पण वैद्यकीय विद्यार्थ्याला लागणारे काम ते नव्हे. त्याला पबमेडसारख्या संग्रहातून हजारो शोधनिबंधांतून आपल्या प्रश्नाचे नेमके चार निबंध शोधता आले पाहिजेत. हा संग्रह १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुला आहे. पण कोणते शब्द कसे जोडून शोधावयाचे हे ज्याला कोणी दाखविले नाही, त्याला खुला दरवाजाही भिंतीसारखाच. दीडशे रुग्णांची माहिती तक्त्यात भरून तिच्यावरून सरासरी व तफावत काढता आली पाहिजे, कारण पदव्युत्तर प्रबंध त्याशिवाय पुरा होत नाही. एखादे औषध चांगले म्हणून सांगणारा मजकूर स्वतंत्र संशोधकाचा आहे की औषध विकणाऱ्या कंपनीचा, हे ओळखता आले पाहिजे. रुग्णाची नोंद संगणकात अचूक भरता आली पाहिजे आणि ती गुप्त राखण्याची शिस्तही अंगी असली पाहिजे.

आणि हे सारे आता डॉक्टरच्या रोजच्या कामात आलेले आहे. ई-संजीवनी ही सरकारी दूरवैद्यक सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. दूरवैद्यकाचे नियम २५ मार्च २०२० रोजी निघाले. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला आणि त्याअन्वये नागरिकांना १४ अंकी आभा क्रमांक दिले जात आहेत. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षाही संगणकापुढे बसूनच द्यावी लागते. ज्याने एम.बी.बी.एस.ची प्रवेशपरीक्षा कागदावरची वर्तुळे काळी करून दिली, त्याचे पुढचे सारे भवितव्य माऊस आणि कळफलक यांवर आले. बोटाला सवय नसेल तर ज्ञान असूनही वेळ जातो, आणि अशा परीक्षेत एकेका मिनिटाचे मोल क्रमांकात मोजले जाते.

साधन कोणाच्या घरी?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी २०१७-१८ साली झाली. तिचे आकडे प्रत्येक आईबापाने एकदा डोळ्यांखालून घालावेत. त्या वेळी ग्रामीण भागातील १०० कुटुंबांपैकी ५ कुटुंबांतही संगणक नव्हता. प्रमाण होते ४.४ टक्के. शहरी भागात ते २३.४ टक्के होते. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के कुटुंबांना, तर शहरी भागात ४२ टक्के कुटुंबांना होती. या सर्वेक्षणानंतर दोन वर्षांच्या आतच, मार्च २०२० मध्ये महामारीमुळे टाळेबंदी झाली, वर्ग बंद पडले आणि सगळे शिक्षण एका रात्रीत पडद्यावर गेले.

त्यानंतर मोबाईल आणि स्वस्त इंटरनेट यांचा प्रसार झपाट्याने झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण मोबाईलचा प्रसार म्हणजे संगणकाचा प्रसार नव्हे, आणि घरात एक मोबाईल असणे म्हणजे मुलीच्या हाती मोबाईल असणेही नव्हे. ज्या पिढीने महाविद्यालयाची पहिली वर्षे टाळेबंदीत काढली, तिच्यातील शेतमजुराचे मूल आणि शहरातील डॉक्टरचे मूल यांना एकच व्याख्यान मिळाले, असे हजेरीपट म्हणतो. प्रत्यक्षात एकाला ते स्वतंत्र खोलीत, मोठ्या पडद्यावर मिळाले. दुसऱ्याला पत्र्याच्या घरात, तडा गेलेल्या काचेवर, तुटक तुटक मिळाले. शेवटी दोघांची परीक्षा मात्र एकच झाली. विषम आरंभानंतर समान कसोटी लावणे आणि तिला ‘गुणवत्ता’ असे नाव देणे, ही या देशातील फार जुनी हातचलाखी आहे.

आळस की अडचण?

आता दुसऱ्या असत्याकडे वळू. ऑनलाइन शिक्षणाविषयी ज्यांनी नाराजी दाखविली, त्यांना आळशी ठरविणाऱ्यांनी थोडे देशाबाहेर पाहावे. २०२० साली ब्रिटनमधील ३९ वैद्यकीय विद्यालयांतील २,७२१ विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि ती ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या श्रीमंत देशातील विद्यार्थ्यांनीही सांगितलेल्या मुख्य अडचणी कोणत्या? घरात येणारा व्यत्यय आणि इंटरनेटची दुरवस्था! लंडन-मँचेस्टरच्या मुलाने ही तक्रार केली तर तिला संशोधन म्हणतात. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील आमच्या मुलीने तीच तक्रार केली तर तिला निमित्त म्हणतात. या न्यायाला काय म्हणावे?

परंतु आपण न्यायाची बाजू घेऊन उभे आहोत, तेव्हा दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्याच पाहणीत विद्यार्थ्यांनी ऑनलाइन शिक्षणातील सवडीची सोय वाखाणली होती. शिवाय २००८ साली ‘जामा’ या नियतकालिकात डेव्हिड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यशिक्षणातील अशा २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. काहीच न शिकविण्याच्या तुलनेत इंटरनेटवरील शिक्षणाचा परिणाम मोठा दिसला. प्रत्यक्ष वर्गातील पारंपरिक शिक्षणाशी तुलना केली तेव्हा दोहोंचा परिणाम साधारणपणे सारखाच दिसला. याचा अर्थ स्पष्ट आहे. ऑनलाइन शिक्षण हे थोतांड नव्हे आणि जादूही नव्हे. नीट आखले, साधन दिले, शंका विचारावयास गुरू ठेवला, तर ते उपयोगी पडते.

किंबहुना आपल्या मुलांना त्याचा विशेष लाभ आहे. वर्गातील शिक्षक इंग्रजीत भरभर बोलून गेला आणि समजले नाही, तर हात वर करण्याचे धैर्य पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला होत नाही. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान तो थांबवू शकतो, पुन्हा ऐकू शकतो, न कळलेला शब्द शोधू शकतो. मागच्या बाकावर बसविलेल्याला पडद्यापुढे मागचा बाक नाही. म्हणून ‘आम्हाला संगणक नको, आम्हाला रुग्ण तपासणारे डॉक्टर व्हावयाचे आहे, कारकून नव्हे’ असे जे आपले काही तरुण म्हणतात, त्यांचाही मला तितकाच स्पष्ट निषेध करावासा वाटतो. ज्या विद्येपासून आपल्याला दूर ठेवले गेले, तिच्याकडे आपणच पाठ फिरविणे हा स्वाभिमान नव्हे. तो आत्मघात होय. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते आपल्या मुलांना युगाच्या मागे ठेवण्यासाठी नव्हे.

पडद्याला जे जमत नाही

तथापि वैद्यक ही केवळ ऐकून यावयाची विद्या नाही. पोटावर हात ठेवून यकृताची कड चाचपणे, छातीवर बोट आपटून आवाजातील फरक ओळखणे, प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके सांभाळणे, मरणासन्न रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलणे, हे कोणत्याही पडद्याने शिकविलेले नाही. हे आपले भावनाप्रधान म्हणणे नव्हे. देशातील नियामक संस्थेचीच ती भूमिका आहे. २०२२ च्या आरंभी युद्धामुळे युक्रेनमधून हजारो भारतीय वैद्यकीय विद्यार्थी परत आले. त्यांतील शेवटच्या वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम ऑनलाइन पुरा होऊन पदवी मिळाली, त्यांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २८ जुलै २०२२ च्या सूचनेने पात्रतापरीक्षेला बसू दिले. पण पुढे एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे प्रत्यक्ष रुग्णालयीन प्रशिक्षण सक्तीचे केले. म्हणजे पडद्यावरून राहिलेली उणीव रुग्णाच्या खाटेशीच भरून निघते, हे आयोगाने मान्य केले.

मग प्रश्न असा की, जी महाविद्यालये शिक्षकांच्या रिकाम्या जागा न भरता ‘व्याख्यान ऑनलाइन पाहून घ्या’ म्हणून विद्यार्थ्यांची बोळवण करतात, त्यांना हा न्याय कोण लावणार? मोठ्या घरच्या मुलाला काका, मामा, वडील यांच्या दवाखान्यात उभे राहून हात तयार करता येतो. आपल्या मुलाला ती सोय नाही. त्याचा सगळा भरवसा महाविद्यालयाच्या रुग्णालयावर आहे. म्हणून संगणक हवा तो शिक्षकाच्या जोडीला, शिक्षकाच्या बदली नव्हे. ही आपली भूमिका असली पाहिजे.

या ठिकाणी जीवकाची आठवण होते. विनयपिटकात त्याची कथा आहे. राजगृहात जन्मताच उकिरड्यावर टाकलेले हे मूल राजपुत्र अभयाने वाढविले. पुढे त्याने तक्षशिलेस जाऊन सात वर्षे वैद्यक शिकले. गुरूने परीक्षा घेतली ती अशी: कुदळ घे, तक्षशिलेभोवती एक योजनभर फीर आणि औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक फिरला, शोधले आणि रिकाम्या हाताने परतला. अशी वनस्पतीच त्याला सापडली नाही. गुरूने ओळखले, हा तयार झाला. या कथेत जन्माचा प्रश्न विचारलेला नाही, पाठांतराचा नाही. स्वतः शोधण्याचा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पारखण्याचा प्रश्न विचारला आहे. आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्याचे रान अधिक मोठे आहे आणि त्यातील अर्धे संगणकात आहे. कुदळ मात्र त्याच्या हाती कोणी तरी दिली पाहिजे.

भीक नव्हे, हक्क

ही कुदळ मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. राज्यघटनेच्या ४६ व्या कलमाने दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या प्रकरणात, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीला घटनेचे संरक्षण असल्याचे मान्य केले.

सरकारनेही गरज मान्य केलेली आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्तीत निवडक नामांकित संस्थांतील विद्यार्थ्यांच्या साहाय्यात संगणकाचा खर्च धरलेला आहे. म्हणजे संगणकावाचून उच्च शिक्षण होत नाही, हे सरकारला कळते. मग निवडक संस्थांबाहेरच्या, जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मुलाला तो का नको? वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढीची योजना सरकारने फार पूर्वी मान्य केली. पुस्तकांची पेढी होते, तर संगणकांची पेढी का होऊ नये?

अभ्यासक्रमाचेही तेच. २०१९ साली लागू झालेल्या नव्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात आरंभी १७५ तासांचा पायाभूत अभ्यासक्रम ठेवण्यात आला आणि त्यात भाषा व संगणक यांच्या तयारीसाठी ४० तास नेमून दिले गेले. म्हणजे ‘मुलांना संगणक येतोच’ हे म्हणणे अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनीही स्वीकारले नव्हते. पण कागदावर तास नेमणे निराळे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला संगणकापुढे बसवून काम करून घेणे निराळे. एका सभागृहात दीडशे मुलांना बसवून पडद्यावर चित्रे दाखविली म्हणजे संगणक शिकविला, असे होत नाही.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिल्या वर्षाच्या आरंभी प्रत्येक विद्यार्थ्याचे संगणककौशल्य तपासावे. नापास करण्यासाठी नव्हे, तर कोणाला काय शिकवावयाचे ते ठरविण्यासाठी. ज्यांना येत नाही त्यांना नियमित तासांत, नाव न पुकारता, प्रत्यक्ष सरावाने शिकवावे. वसतिगृहात व ग्रंथालयात रात्री उशिरापर्यंत संगणककक्ष उघडा असावा. सरकारने शिष्यवृत्तीच्या जोडीला संगणकपेढी काढावी आणि शिष्यवृत्ती वेळेवर द्यावी. ऑनलाइन व्याख्यान उतरवून घेता यावे, म्हणजे इंटरनेट तुटले तरी शिक्षण तुटणार नाही. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळण्यासाठी ज्या बौद्ध समाजाला १९५६ पासून १९९० पर्यंत वाट पाहावी लागली, त्याला उशिराने मिळालेल्या न्यायाची किंमत ठाऊक आहे. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात उशीर म्हणजे नकारच.

आता आपल्या घराकडे

दुसऱ्यांना बोल लावून आपले कर्तव्य संपत नाही. आपल्या घरात काय चालते तेही पाहिले पाहिजे. लग्नात, बारशात, वाढदिवसाच्या फलकांत आपण जो पैसा उधळतो, त्यात एक साधा संगणक येतो. मुलाला मोबाईल घेऊन देतो आणि मुलीला ‘वाईट सवय लागेल’ म्हणून अडवितो. तीच मुलगी उद्या वर्गात मागे पडली तर दोष कोणाचा? मूल पडद्यापुढे बसले की ‘बसला मोबाईल घेऊन’ म्हणून ओरडण्यापूर्वी तो काय शिकतो आहे, हे जवळ बसून विचारावे. आपल्याला त्यातले कळत नसले तरी चालेल. विचारण्याने मुलाला बळ येते. घर लहान आहे, हे खरे. पण संध्याकाळी दोन तास दूरदर्शनसंच बंद ठेवण्यास पैसे पडत नाहीत.

कर्ज काढून महागड्या ऑनलाइन शिकवण्या विकत घेण्याची एक नवी साथ आली आहे. ती घेण्यापूर्वी ग्रंथालयात काय मिळते, विनामूल्य काय मिळते, वरच्या वर्गातील विद्यार्थी काय सांगतात, याची चौकशी करावी. जाहिरात म्हणजे गुरुमंत्र नव्हे. हल्ली प्रश्न विचारताच क्षणार्धात उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रेही निघाली आहेत. ती उपयोगी आहेत. पण ती चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतात. केसपुत्त नगरातील कालामांना तथागतांनी जो मार्ग दाखविला, तो येथे तंतोतंत लागू आहे: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. औषधाच्या मात्रेच्या बाबतीत ही पारख चुकली, तर किंमत रुग्ण मोजतो.

आपल्या विहारांकडेही पाहावे. ज्या विहारात रविवारी वंदना होते, तेथे उरलेले सहा दिवस कुलूप का? दोन संगणक, एक इंटरनेटची जोडणी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकविणारा एखादा वरच्या वर्गातील विद्यार्थी, एवढ्यावर काम सुरू होते. जे तरुण डॉक्टर झाले, नोकरीस लागले, त्यांनी वर्षातून एकदा जयंतीच्या व्यासपीठावर हार घालून घेण्यापेक्षा महिन्यातून एक दिवस येथे बसावे. समाजाचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगावयाचे आहे. येत नाही असे सांगण्याची लाज बाळगू नका. कळफलक कसा चालवावयाचा हे विचारणारा लहान होत नाही. शेजारचा मुलगा ते घरी शिकून आला, तुम्ही येथे शिकाल; फरक एवढाच. एकलव्याला गुरूने दूर ठेवले, म्हणून तो मातीच्या पुतळ्यापुढे बसून एकटाच शिकला आणि जे मिळविले त्याची किंमत म्हणून अंगठा देऊन बसला. तुम्ही एकटे शिकू नका. संघटित होऊन शिका, अडले तर लेखी मागा, मिळाले नाही तर पुन्हा मागा. आणि अंगठा कोणालाही देऊ नका. उद्या ज्या वस्तीने तुम्हाला पाठविले, त्या वस्तीतील आजारी माणूस तुमच्या हातांची वाट पाहत आहे. त्या हातांना नाडीही कळली पाहिजे आणि यंत्रही.